मयत, वारस आणि नाना

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की सेक्रेटरी मेंटेनन्सचं विचारतो, वॉचमन गाडीचा नंबर विचारतो आणि नाना गट नंबर विचारतात. "मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की आपण तालुका-जिल्हा सांगून मोकळे होतो. नाना चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "ते कळलं हो. गट नंबर काय?" समोरचा आयटीतला पोरगा गांगरतो आणि रक्तगट सांगतो. थकबाकीदाराकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहून नाना पुढे निघतात.

तसं पाहणं त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. एका बँकेच्या शेतीकर्ज विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा वसुलीत. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरतो तसा नाना सातबारा धरायचे आणि नजर थेट 'इतर हक्क'च्या रकान्यावर, म्हणजे बोजा बसतो तिथे न्यायचे. वरच्या रकान्यात कोणाचा बाप कोण याच्याशी त्यांना कधीच कर्तव्य नव्हतं.

ते कर्तव्य अंगावर आलं मुलाच्या लग्नात. व्याही कोकणातले. साखरपुड्याला त्यांनी पेढ्यांच्या पुड्याबरोबर आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत नानांच्या हातात ठेवला. सहाशे पानं, कापडी बांधणी, मागे घडी घातलेला वंशवृक्ष. तो उलगडला तेव्हा हॉलमध्ये सतरंजीसारखा पसरला आणि दोन लहान मुलं त्यावर बसली. व्याह्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमचा?"

नाना म्हणाले, "आमचा छापायचाय."

आजोबांच्या वडिलांचं नावसुद्धा तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दोन शब्दांपायी पुढची नऊ वर्षं गेली. त्यांची आणि थोडीफार माझीही, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि नाही म्हणायची कला नाही.

बरं, घराण्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं असंही नाही. मराठी माणसाला एक वेळ पणजोबांचं नाव माहीत नसेल, पण ते पानिपतावर होते हे माहीत असतं. घरोघरचे असे पूर्वज मोजले, तर अब्दालीला त्या मैदानात उभं राहायला जागा उरली नसती. नानांच्या घरी याखेरीज बारा गावं इनाम होती आणि ती इंग्रजांनी खाल्ली होती. इनाम कमिशनने अनेकांची इनामं तपासली, काहींची काढून घेतली, हे खरंच आहे. १८५२ साली त्यासाठी कायदाही झाला. पण ज्यांची कधी नव्हतीच त्यांचीसुद्धा गेली, हे त्या कमिशनचं खरं कर्तृत्व.

शिवाय नानांकडे पुरावा होता. देवघरात एक तांब्याची नळी, नळीत एक कागद. दसऱ्याला तो बाहेर काढायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि परत गुंडाळून ठेवायचा, अशी आजोबांपासूनची शिस्त. कागद मोडीत. वर मुकुटाचा शिक्का आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, शाईने काढलेली बाकदार तलवार. घरात त्याला 'सनद' म्हणत. लहानपणी नानांना त्या सनदेची इतकी भीती घातलेली होती, की साठीतसुद्धा ते तिला हात लावण्यापूर्वी आंघोळ करत.

"पण सनद शेवटी काढायची," असं त्यांनी ठरवलं. "आधी रेकॉर्डने वर चढत जायचं. पाया पक्का हवा."

सातबाऱ्यावर नावांच्या आसपास गोलात आकडे लिहिलेले असतात. तुम्हीआम्ही ते पाहून सोडून देतो. तो फेरफाराचा नंबर. तो धरून फेरफाराच्या वहीत गेलं, की नाव कसं लागलं ते कळतं: कोण मेलं, कोणी विकलं, कोणी वाटून घेतलं. तिथून मागच्या फेरफारावर, तिथून आणखी मागे. हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. त्याच्याही मागे जायचं तर मोजणीच्या वेळची पत्रकं. तिथे हक्कबिक्क नाही, शेत कुठलं आणि सारा कोण भरणार एवढाच मामला. पूर्वजांचा पराक्रम, स्वभाव, मिशा यांतलं सरकारने काहीही लिहून ठेवलेलं नाही. पैसे द्यायचे कोणी, एवढं मात्र दीडशे वर्षं न चुकता लिहिलं. वसुलीतल्या माणसाला हे फार आवडलं.

मोजणीवर तर नानांचं प्रेमच जडलं. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांची नावं ते मामेभावांसारखी घेतात. या दोघांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीची घडी बसवली, आणि नानांचं गाव तिथून, त्यांच्या भाषेत, "हाकेच्या अंतरावर." त्यांच्या आधीच्या प्रिंगलची मोजणी फसली होती. प्रिंगलचं नाव निघालं की नाना अजून तोंड वाकडं करतात, जणू त्याने बँकेत खोटे कागद दिले होते. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे सगळं पार्किंगमध्ये पावलं टाकून दाखवतात. माझा फ्लॅट ७२० चौरस फुटांचा. "पाऊण गुंठासुद्धा भरत नाही तुमचा," असं ते मला माझ्याच बायकोसमोर म्हणाले.

मुलगा तोवर न्यू जर्सीला गेला होता. त्याने वडिलांना मदत म्हणून एका सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष करायला घेतला आणि स्कॅन केलेल्या उताऱ्यांवरून नावं भरली. महिनाभराने त्याचा उत्साहाने फोन आला, की आपल्या घराण्यात लागोपाठ तीन पिढ्यांत 'मयत' नावाचे पुरुष आहेत, एका पिढीत 'एकुमॅ' नावाचा भाऊ आहे, आणि 'अपाक' ही बहुधा परदेशी सून असावी. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मयत म्हणजे काय हे तरी तुला शाळेत शिकवलं होतं ना रे?" पण सॉफ्टवेअर ऐकेना. ते अजूनही नानांना जगभरातल्या मयत आडनावाच्या लोकांशी त्यांचं नातं असू शकतं असं कळवत असतं.

जुने फेरफार मोडीत आहेत असं कळल्यावर नानांनी मोडीचा वर्ग लावला. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. "बायको बोलते तशी लिपी," असं नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही. सरावासाठी किराणामालाची यादी मोडीत लिहू लागले. ती पाहून वाण्याने काकूंना सांगितलं, "हे औषधांचं दिसतंय, शेजारी मेडिकलमध्ये विचारा."

पहिली सहामाही संपली तसा त्यांना धीर धरवेना. एका रात्री आंघोळ करून त्यांनी सनद उघडली आणि भिंग लावून बसले. अक्षर घाईचं, एकात एक गुंतलेलं. पहाटेपर्यंत त्यांना त्यातले दोनच शब्द लागले: 'रुपये साठ'. सकाळी सात वाजता माझी बेल वाजली. "साठ रुपये तनखा होता," दारातच म्हणाले. "त्या काळचे साठ. म्हणजे आजचे किती होतील, तुम्हीच करा हिशेब."

मी केला नाही. त्यांनी केला होताच.

अभिलेख कक्षात आम्ही एकूण पाच वेळा गेलो. अर्ज, शुल्क, नकलेची तारीख हे सगळं नानांना माहेरासारखं. रेकॉर्डचा कारकून म्हणजे लाल फडक्यातल्या गठ्ठ्यांमध्ये वावरणारा शांत माणूस. त्याने गाठ सोडली आणि जुना कागद, वाळवीचं औषध आणि कोंदट ऊब यांचा मिळून एक वास आला. नानांनी सवयीने बोट जिभेला लावलं. "थुंकी नको काका," कारकून म्हणाला, "हे कागद तुमच्यापेक्षा मोठे आहेत." नानांनी लगेच बोट विजारीला पुसलं. त्यांना कुणी दटावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हव्या त्या फेरफाराचा नंबर १९१८च्या अखेरीला येत होता. नाना एकेक नोंद बोटाखाली धरून अडखळत वाचत होते. अमुक मयत, वारस मुलगे दोन. तमुक मयत, वारस भाऊ. अमुक मयत, वारस विधवा. पान उलटलं. मयत, वारस. मयत, वारस नाही. पुन्हा उलटलं. तलाठ्याचं अक्षर आधी गोल, रेखीव होतं, ते पुढे पुढे बिघडत गेलेलं मलासुद्धा दिसत होतं. शाई मध्येच पातळ झाली होती. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता.

"इन्फ्लुएन्झा," कारकून हळूच म्हणाला. "त्या सालच्या सगळ्या गावांच्या वह्या अशाच आहेत."

त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं वेगळं आणि एका गावच्या फेरफाराची पानं उलटूनही मयत न संपणं वेगळं. तिसऱ्या पानावर नानांचे पणजोबा सापडले. मयत. वारस मुलगा एक, अज्ञान, वय वर्षे सहा. अ.पा.क. आई. आणि पुढे तिचं नाव.

घरात अशी गोष्ट सांगत, की आजोबा लहानपणीच पोरके झाले आणि चुलत्यांनी त्यांना वाढवलं. चुलत्यांचा फोटोही भिंतीवर आहे. पणजीबद्दल "ती लवकर गेली" यापलीकडे कुणी बोलत नसे. तिचं नाव तर कुणालाच माहीत नव्हतं. वहीत ते होतं. साधंच, चार अक्षरी. पुढे बारा वर्षं त्या शेताचा सारा त्याच नावाने भरलेला होता. मुलगा सज्ञान झाल्याची नोंद लागली तेव्हा कंसात घालून ते नाव काढून टाकलं. हे आम्ही नंतर, चौथ्या खेपेला शोधलं.

येताना गाडीत नाना टोलनाक्यापर्यंत गप्प होते. नाका ओलांडल्यावर म्हणाले, "बाराही वर्षं एक हप्ता थकवला नाही हो बाईने."

त्यांच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

गावाकडची आमची चक्कर मात्र फसली. हातात फोल्डर, खांद्याला झोळी आणि तोंडात सर्वे नंबर घेऊन शहरातला म्हातारा गावात शिरला की काय होतं, ते नानांनी कधी वसुलीतून बाहेर येऊन पाहिलेलंच नव्हतं. कुणी रस्ता सांगेना. एक आजीबाई आम्हाला पाहून घरात गेल्या आणि त्यांनी कडी लावली. शेवटी ते शेत सापडलं. उभा ऊस. बांधावर एक चाळिशीचा गडी, त्याने पाण्याची मोटार बंद केली आणि विचारलं, "जमीन मागायला आलाय का?"

प्रश्न बरोबर होता. आजोबा नोकरीसाठी पुण्याला गेले, शेत कुळाकडे. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसणारा त्या दिवसापासून मालक मानला गेला. या गड्याचे आजोबा ते कूळ. नाना कळवळून सांगू लागले, की जमीन नको, फक्त पूर्वज हवेत. हे त्या माणसाला पटेना. जमीन नको असणारा माणूस एवढ्या लांब उन्हातान्हात येईल कशाला? अखेर त्याने चहा पाजला. पण आम्ही निघेपर्यंत आमच्या फोल्डरवरची त्याची नजर हलली नाही. जाताना नानांनी बांधावरची चिमूटभर माती रुमालात बांधली. त्याने तीसुद्धा नीट पाहून घेतली.

राहिली होती सनद. मोडी वाचणारे मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ज्या मोडीवाल्यांना आदल्या वर्षापर्यंत घरचे लोकही विचारत नव्हते, त्यांच्या दारी जीपगाड्या थांबू लागल्या. आम्हाला दोन महिन्यांनंतरची वेळ मिळाली. गुरुजी ऐंशीच्या घरातले. त्यांनी कागद हातात घेतला, हळदीकुंकवाचे थर पाहिले आणि विचारलं, "याची पूजा कोण करतं?"

"आम्ही. पाच पिढ्या," नाना म्हणाले.

"असं होय," गुरुजी म्हणाले आणि वाचू लागले. त्यांचा आवाज सपाट होता, टपालातल्या तारेसारखा. शके १७९३. म्हणजे १८७१. रोखा लिहून देणार अमुक, घेणार अमुक सावकार. बैलजोडीसाठी रुपये साठ रोख घेतले, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. सुगीला फेडू. न फेडल्यास सर्वे नंबर अमुक, पूर्वेस ओढा, तारण आहे. कारणे रोखा लिहून दिल्हा.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"मग वरचा तो राजशिक्का?" नानांनी विचारलं.

"स्टँप आहे. राणी सरकारचा. त्याशिवाय कोर्टात चालत नसे."

"आणि तलवार?"

"कुठली तलवार? नांगर आहे हा. लिहिता येत नसलेल्या कुळंब्याने सहीच्या जागी नांगराची निशाणी करायची."

वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या घराण्याने पाच पिढ्या एका थकलेल्या कर्जरोख्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो, कारण नानांकडे पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

मी नानांना ओळखतो म्हणतो, पण तिसऱ्याच मिनिटाला ते म्हणाले, "गुरुजी, फेडलं असेल तर मागे भरपाईचा शेरा हवा. तो आहे का?" नव्हता. "किंवा रोखा फाडलेला हवा." फाडलेला नव्हता. "मग सावकाराच्या पेटीतला कागद ऋणकोच्या देव्हाऱ्यात आला कसा?" हा प्रश्न गुरुजींना सुचला नसता, मला तर नाहीच. तो सुचायला वसुलीत अकरा वर्षं काढावी लागतात.

त्या रात्री नानांनी सगळी कागदपत्रं पुन्हा मांडली. रोख्यातला सर्वे नंबर आणि फेरफारातला सर्वे नंबर एकच. हक्कनोंदणी झाली तेव्हाही शेत घरच्याच नावावर. म्हणजे दोन टक्क्यांच्या व्याजात, अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यावरच्या त्या वर्षांत, सावकाराला ते शेत घेता आलं नव्हतं. का? कारण त्याच्याकडे कागदच नव्हता. का नव्हता? नानांनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्या मांडीवर आपटलं. १२ मे १८७५, सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, वह्या आणि रोखे काढून घेतले, जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. पुढे चौकशी बसली आणि १८७९चा दख्खन शेतकऱ्यांचा कायदा झाला तो त्यातूनच.

"सगळ्यांनी जाळले," नाना म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "आमच्या खापरपणजोबांनी जाळला नाही. घरी आणला."

"का?"

"अहो, वाचता येत नव्हतं. दुसऱ्याचाच जाळला गेला तर? हा आपलाच आहे हे नांगरावरून ओळखलं असेल, पण खात्री कुठली? म्हणून नजरेसमोर ठेवला. देवघरात."

याला पुरावा नाही, हे मी म्हणून पाहिलं. परिस्थितिजन्य आहे, असं ते म्हणाले. तनखा गेला, सरदार गेला, बारा गावं गेली आणि आठवड्याच्या आत नानांचं घराणं दख्खनच्या बंडात उतरलं. व्याह्यांना रात्री दहाला फोन गेला. व्याह्यांच्या सहाशे पानांत दिवाण आहेत, फडणीस आहेत, एक संस्थानचे न्यायाधीश आहेत, पण दंगेखोर एकही नाही. ते थोडे खट्टू झाल्यासारखे वाटले, असं नानांनी मला दोनदा सांगितलं.

फक्त एक गोष्ट त्यांना झोपू देईना. कर्ज फिटलेलं नव्हतं. दीडशे वर्षांचं चक्रवाढ व्याज त्यांनी एका दुपारी काढायला घेतलं आणि आकडा कॅल्क्युलेटरच्या बाहेर गेला तसे ते पांढरेफटक पडले. मग एकदम मांडीवर थाप मारली. "दामदुपट!" व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, हा आपला जुना नियम. मुद्दल साठ, व्याज फार तर साठ. कर्ज मुदतबाह्य आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण मुदत कोर्टाची झाली, असं ते म्हणाले.

परवा दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो. पाटावर रोखा उलगडून ठेवला होता, नांगरावर ताजं कुंकू. शेजारी रुमालातली माती आणि कागदाच्या चिठ्ठीवर मोडीत चार अक्षरं. बाजूला लग्नाच्या आहेराचं असतं तसं लाल पाकीट, त्यात एकशेवीस रुपये. सावकाराच्या वारसांपैकी कुणी आलं तर हाताशी असावेत म्हणून. काकूंनी सवयीने त्यात शकुनाचा एक रुपया टाकला.

नानांनी तो बाहेर काढला.

"दामदुपटाच्या वर एक पैसा नाही," म्हणाले, आणि रुपया खिशात घातला.